पाहुणे गेले, पैशांचा वाद राहिला

सुट्टीसाठी घर भाड्याने देणाऱ्या वाचकांच्या पत्रांतून या वेळी फक्त परताव्याचे प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत, गाव तेवढे ठेवले आहे.

प्रश्न : आमचा चार खोल्यांचा बंगला आम्ही एका वेळी एकाच पार्टीला देतो. एका ग्रुपने शुक्रवार-शनिवार अशा दोन रात्री २४,००० रुपयांना ठरवल्या आणि १२,००० अ‍ॅडव्हान्स पाठवला. गुरुवारी सकाळी मेसेज आला की आजीची तब्येत बिघडली, येत नाही. अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही, असे आम्ही कळवले. आता ग्राहक मंचात जाण्याची भाषा चालू आहे. शनिवारची रात्र आम्ही दुसऱ्यांना ९,००० ला दिली, हेही त्यांना कुठून तरी कळले आहे. १२,००० ठेवता येतील का?
(नागाव, ता. अलिबाग)

उत्तर : हिशेब मांडून दाखवता आला तर ठेवता येतील. 'अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही' हे वाक्य सगळेच लिहितात, पण एकट्या त्या वाक्यावर भिस्त ठेवू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडणाऱ्याकडून ठरलेल्या रकमेच्या आत वाजवी भरपाई घेता येते. म्हणजे ठरलेला आकडा ही कमाल मर्यादा झाली, तेवढे मिळतीलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाश नाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात विसाराच्या रकमेलाही हेच माप लावले : नुकसानच झाले नसेल तर विसार गिळता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही, झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारी अट 'अनुचित करारा'च्या व्याख्येत बसते.

तुमचा हिशेब असा. ठरलेले भाडे २४,०००. शनिवारचे दुसऱ्यांकडून आले ९,०००. शुक्रवारी घर रिकामे राहिल्याने चादरींची धुलाई, साफसफाईची मजुरी, वीज, गॅस, पाण्याचा टँकर यांत जे वाचले ते धरू १,५००. २४,००० मधून हे दोन्ही वजा केले की निव्वळ तोटा १३,५०० येतो. हातात आहेत १२,०००. तोटा अ‍ॅडव्हान्सपेक्षा मोठा आहे, म्हणून तुमची बाजू बळकट आहे. समजा दोन्ही रात्री मिळून २२,००० ला गेल्या असत्या, तर तोटा उरला असता २,०००, आणि १०,००० परत करणेच बरे झाले असते.

शनिवारची रात्र दुसऱ्यांना दिल्याचे लपवू नका. नुकसान कमी करायची धडपड तुम्ही करावी हे कायद्यालाच अपेक्षित आहे आणि तुम्ही ती केली आहे. लपवलेत तर तीच गोष्ट उद्या तुमच्यावर उलटेल.

आता ग्राहक मंच. त्याचे आजचे नाव जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. पाहुणे पुण्याचे असतील तर नोटीस पुण्याहून येईल. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येते. १२,००० साठी कोण जाणार, या समजुतीत राहू नका. ज्याला जायचे त्याला फारसा खर्च येत नाही. हेलपाटे मात्र दोन्ही बाजूंना चुकत नाहीत. म्हणून आमचा सल्ला असा की वरचा हिशेब पाच ओळींत लिहून पाठवा, सोबत शनिवारच्या ९,००० ची नोंद जोडा, आणि आजीचे दुखणे खरे वाटत असेल तर पुढच्या तीन महिन्यांत सोमवार ते गुरुवारमधली एक रात्र ३,००० रुपयांच्या सवलतीने देऊ करा. मधल्या वारी घर रिकामेच असते, त्यामुळे तुमचे फारसे जात नाही, आणि पाहुण्यांच्याही पदरात काही पडते.

पुढच्या वेळेसाठी जास्त महत्त्वाचे आहे ते बुकिंगच्या वेळचे लिखाण. बहुतेक भांडणे तीन जागी सुरू होतात. एक, अटी पैसे घेतल्यानंतर पाठवलेल्या असतात. दुसरे, अटी एखाद्या रंगीत पोस्टरवर बारीक अक्षरात असतात आणि पाहुण्याने 'मान्य' असे कधीच लिहिलेले नसते. तिसरे, '५०% परत' असे लिहिलेले असते, पण कशाच्या ५०%, एकूण भाड्याच्या की अ‍ॅडव्हान्सच्या, ते कुठेच नसते. '७ दिवस आधी' मध्येही तीच गोम : येण्याचा दिवस धरून सात की सोडून, आणि किती वाजेपर्यंत? म्हणून दिवस मोजायला लावू नका, तारीखच लिहा. मजकूर साधारण असा ठेवा :

'१६ व १७ मे, दोन रात्री, १२ माणसे, एकूण भाडे ₹२४,०००. अ‍ॅडव्हान्स ₹१२,०००. १ मे, रात्री ८ पर्यंत रद्द केल्यास ₹१२,००० परत. ९ मे, रात्री ८ पर्यंत रद्द केल्यास ₹६,००० परत. त्यानंतर रद्द केल्यास परतावा नाही. मात्र याच तारखांना घर दुसऱ्यांना गेले तर आमचा तोटा वजा करून उरलेली रक्कम ७ दिवसांत परत. मान्य असल्यास "मान्य" असे लिहून पाठवा, मग पैसे भरण्याचा क्यूआर पाठवतो.'

यातले 'मात्र' पासूनचे वाक्य बहुतेक घरमालकांना नको वाटते. आमच्या मते सगळ्या मजकुरात तेच मोलाचे आहे. कलम ७४ ला जे हवे तेच ते सांगते, आणि ते वाचल्यावर पाहुण्याचा निम्मा राग उतरतो. क्यूआर 'मान्य' आल्यावरच पाठवायचा, हा क्रम मोडू नका. पैसे ग्रुपमधल्या तिसऱ्याच माणसाच्या खात्यातून आले तर बुकिंग कोणाच्या नावावर आहे तेही त्याच वेळी लिहून घ्या. नाहीतर परतावा मागायला दोघे येतात. नाताळ ते ३१ डिसेंबर, होळी, मोठे वीकेंड यांच्यासाठी रद्द करण्याच्या तारखा मागे ओढून महिनाभर आधीच्या ठेवल्या तरी कोणी हरकत घेत नाही, फक्त ते आधी सांगितलेले हवे.

प्रश्न : जुलैमध्ये हवामान खात्याने रत्नागिरी जिल्ह्याला रेड अलर्ट दिला. पुण्याच्या कुटुंबाने निघायच्या आदल्या रात्री बुकिंग रद्द केले आणि भरलेले सगळे ६,००० परत मागितले. इकडे पाऊस जोरात होता, पण रस्ते चालू होते आणि घरात काही अडचण नव्हती. पैसे द्यावे लागतील का?
(मुरुड, ता. दापोली)

उत्तर : इशारा, आदेश आणि प्रत्यक्ष अडकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परताव्याच्या भांडणात तिन्हींची खिचडी होते.

रेड अलर्ट हा इशारा आहे. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस म्हणजे हवामान खात्याच्या भाषेत अत्यंत मुसळधार, आणि रेडचा रोख प्रशासनाने पावले उचलावीत असा असतो. तो अख्ख्या जिल्ह्याला दिलेला अंदाज असतो. प्रवासबंदी त्यात आपोआप येत नाही. बंदी येते ती जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने. हा आदेश मिळवून पूर्ण वाचा. अनेकदा त्यात धबधबे, धरणे, समुद्रकिनारी पाण्यात उतरणे यांना मनाई असते, मुक्कामाला नसते. पूर्वी हे आदेश कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. जुना क्रमांक टाकून फिरणारा फॉरवर्ड आला तर तारीख तपासा, तो जुनाच निघण्याचा संभव जास्त.

घाटाचेही तसेच. पावसाळ्यात वरंध घाट बंद झाला की 'रस्ता बंद' अशी बातमी पसरते, पण ताम्हिणीने माणगावला उतरता येत असेल तर येणे अशक्य झाले असे म्हणता येत नाही. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी यांपैकी त्या दिवशी काय चालू आहे ते पाहुण्यांना आदल्या दिवशी सकाळीच कळवत जा. हा मेसेज पुढे पुराव्यालाही उपयोगी पडतो.

खरेच सगळे मार्ग बंद असतील, तुमच्या गावाला मुक्कामाची मनाई असेल किंवा घरच राहण्याजोगे नसेल, तर प्रश्न मिटला : पूर्ण पैसे परत करावेत. करार पार पाडणे अशक्य झाले की तो करार कायद्याच्या कलम ५६ ने रद्द ठरतो आणि घेतलेला लाभ कलम ६५ प्रमाणे परत करावा लागतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक घरांची कौले-पत्रे उडाली, तिथे कोणती अट काय म्हणते याला अर्थच नव्हता.

तुमच्या प्रकरणात मात्र घर चालू, रस्ता चालू. तुमची लिखित अट लागू होते आणि कायद्याने पूर्ण परतावा बंधनकारक दिसत नाही. तरीही लहान मुले घेऊन रेड अलर्टमध्ये घाट उतरा, असे कोणी सांगणार नाही. पैसे परत देण्याऐवजी तारीख फिरवून द्या. पण 'परत कधीही या' असे मोघम लिहू नका, त्यातून दुसरे भांडण उभे राहते. असे लिहा : 'आपले ₹६,००० जमा आहेत. ३१ मार्चपर्यंत वापरता येतील. सोमवार ते गुरुवार. २२ डिसेंबर ते २ जानेवारी सोडून. त्या वेळचा दर जास्त असल्यास फरक भरावा लागेल. तारीख एकदाच बदलता येईल.'

बुकिंग अ‍ॅपवरून झाले असेल तर अ‍ॅपचे नियम तुमच्या अटींच्या वर बसतात. एअरबीएनबीने जून २०२४ पासून मोठ्या आपत्तींचे धोरण नव्याने लागू केले आहे. सरकारी प्रवासबंदी, जाहीर आणीबाणी, नैसर्गिक आपत्ती यांत ते पाहुण्याला पैसे परत देते, मग तुमची रद्द करण्याची अट कितीही कडक असो. त्या त्या हंगामात अपेक्षितच असलेले हवामान मात्र, त्यातून स्थलांतराचा आदेश किंवा मोठ्या भागाची वीज जाण्यासारखे काही घडले नाही तर, त्यात बसत नाही. कोकणातला जुलैचा पाऊस अपेक्षित नाही, असे कोण म्हणेल?

एक गोष्ट तुमच्याकडून चुकत असेल तर बघा. पावसाळ्यात समुद्रावरचे वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. अलिबागकडच्यांसाठी गेट वे ते मांडवा प्रवासी बोटीही थांबतात. तुमच्या जाहिरातीत बारा महिने पॅरासेलिंगचे फोटो असतील तर 'आम्ही त्यासाठीच येणार होतो' या म्हणण्याला वजन येते. जून लागला की ते फोटो काढा आणि जे बंद आहे ते वर लिहा.

प्रश्न : मे महिन्यात तीन खोल्यांचे बुकिंग, रात्रीला ९,०००, दोन रात्री, अ‍ॅपवरून. पहिल्या रात्री ९ ते ३ वीज नव्हती. इन्व्हर्टर १२ च्या सुमारास बंद पडला. पाहुणे सकाळी निघून गेले आणि दोन्ही रात्रींचे १८,००० मागत आहेत. 'नाही दिलेत तर एक स्टार देऊ' असाही मेसेज आहे. अ‍ॅपने पैसे अडकवून ठेवले आहेत.
(तारकर्ली, ता. मालवण)

उत्तर : वीज महावितरणची गेली, आमचा काय दोष, हे उत्तर देऊ नका. पाहुण्याने एसीचे पैसे तुम्हाला दिले आहेत. पण १८,००० ही मागणीही टिकणारी नाही. पहिल्या रात्री ते राहिले. रात्रीचे बारा तास धरले तर सहा तास वीज नव्हती, त्यातही पहिले तीन तास पंखे चालू होते. त्या रात्रीच्या भाड्यातून ४० ते ५० टक्के, म्हणजे ३,६०० ते ४,५००, हा आम्हाला वाजवी आकडा वाटतो. दुसऱ्या रात्रीचे काय, हे सकाळी वीज आली होती का यावर ठरते. आली होती आणि तुम्ही तसे कळवले होते, तर ते आपण होऊन गेले. आली नव्हती किंवा पुन्हा जाण्याची लक्षणे होती, तर दुसरी रात्र पूर्ण सोडा.

अ‍ॅपला उत्तर देताना पुरावा असा लावा : १९१२ वर नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि वेळ, वीज आल्याची वेळ दिसणारा मीटरचा फोटो, पाहुण्यांशी झालेले बोलणे. हे बोलणे अ‍ॅपच्याच चॅटमध्ये असावे. व्हॉट्सअ‍ॅपवर बोललात तर त्यातला सारांश लगेच अ‍ॅपमध्ये टाकायचा : 'आता आपण फोनवर बोललो त्याप्रमाणे...' अशी सुरुवात पुरे. एअरबीएनबीवर पाहुण्याने अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवायची असते, आणि तुमचे पैसे पाहुणे आल्यानंतर साधारण २४ तासांनी सुटतात. म्हणजे पहिल्या रात्रीची तक्रार पैसे सुटण्याच्या आधीच लागते. तुम्ही तासाभरात काय केले ते त्या चॅटमध्ये दिसले पाहिजे : शेजारच्या घरी सोय विचारली, जनरेटर मागवला, किमान पंखे चालतील अशी एक खोली सगळ्यांना उघडून दिली.

स्टारची धमकी हे तुमच्या हातातले पान आहे. पैशांच्या बदल्यात अभिप्राय विकणे किंवा अभिप्रायाची धमकी देऊन पैसे काढणे, दोन्ही अ‍ॅपच्या नियमांत बसत नाही. स्क्रीनशॉट काढा आणि तक्रारीला जोडा. तुम्हीही 'पैसे देतो पण चांगले लिहा' असे चुकूनसुद्धा लिहू नका. दिलेले पैसे जातील आणि नियम तुम्हीच मोडला असे होईल.

आता इन्व्हर्टर तीन तासांत का बंद पडला. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण खाली करता येत नाही आणि काही वीज इन्व्हर्टर स्वतः खातो, तेव्हा हातात साधारण १,२५० उरतात. साधा पंखा ७५ वॉटचा. चार पंखे ३००, सहा एलईडी दिवे ५४, राउटर १०. मिळून ३६४ वॉट. भागाकार केला की साडेतीन तासांच्या आत खेळ आटोपतो, आणि बॅटरी तीन वर्षांची असेल तर त्याहून लवकर. हेच चार पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवले तर भार १८४ वर येतो आणि तीच बॅटरी साडेसहा तास ओढते. नव्या बॅटरीऐवजी आधी पंखे बदला. आणि जाहिरातीत स्पष्ट लिहा : 'वीज गेल्यास पंखे, दिवे, वायफाय सुमारे सहा तास. एसी, गीझर, पाण्याचा पंप इन्व्हर्टरवर नाही.' 'पॉवर बॅकअप आहे' एवढेच लिहिले असेल तर पाहुणा त्याचा अर्थ एसी असाच घेणार.

गावात मे महिन्यात वीज असूनही एसी चालत नाही, अशीही तक्रार येते. संध्याकाळी सगळ्या घरांचे एसी एकदम लागले की २३० व्होल्टचा दाब बराच खाली येतो आणि कॉम्प्रेसर उचलत नाही. स्टॅबिलायझरवरचा आकडा दिसेल असा फोटो वेळेसह काढून ठेवा. आकडा रोजच खाली जात असेल तर महावितरणकडे लेखी अर्ज द्या, आणि तोवर खोलीचा दर एसीचा लावू नका.

प्रश्न : फोनवर एकाने काही घासाघीस न करता दोन दिवस ठरवले. सैन्यात आहे म्हणाला. ५,००० अ‍ॅडव्हान्स ठरला, पण मोबाइलवर ५०,००० जमा झाल्याचा मेसेज आला. 'चुकून शून्य जास्त पडले, ४५,००० लगेच परत करा' असा तगादा चालू आहे.
(लोणावळा)

उत्तर : एक रुपयाही पाठवू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन खात्याचा उतारा उघडा. तिथे ५०,००० दिसणार नाहीत. तो मेसेज दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून आला असेल; बँकेचे मेसेज असे येत नाहीत. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही आणि क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. ज्याने 'परतावा घेण्यासाठी हे स्कॅन करा' म्हटले तो तुमच्याकडून काढायला बसला आहे. चुकून पाठवले गेलेच असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात.

याचा दुसरा, कमी माहीत असलेला प्रकार जास्त वाईट आहे. पैसे खरेच जमा होतात, मग बुकिंग रद्द होते आणि परतावा 'भावाच्या' खात्यावर मागितला जातो. आलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. मूळ माणसाने तक्रार केली की साखळीतले खाते म्हणून तुमच्या खात्यातली रक्कम गोठते, कधी अख्खे खाते. म्हणून परतावा नेहमी ज्या खात्यातून आला त्याच खात्यावर, त्याच व्यवहारावर बोट ठेवून करायचा. पाहुणा ओळखीचा असला तरी. खाते बंद झाले म्हणत असेल तर त्याने त्याच्या बँकेकडे अर्ज करावा, तुम्ही बँकेमार्फत परत कराल असे लेखी सांगा.

प्रश्न : ५,००० डिपॉझिट घेतो. गेल्या ग्रुपने गादीवर मेंदी सांडली आणि टीव्हीला चीर पाडली. 'आधीपासूनच होते' म्हणतात. डिपॉझिट रोखले तर चालेल?
(पाचगणी)

उत्तर : आधी नव्हते हे तुम्हाला दाखवता आले पाहिजे. किल्ली देताना दोन मिनिटांचा व्हिडिओ, न थांबवता, प्रत्येक खोलीतून : टीव्ही चालू करून, गाद्या चादरीविना, बाथरूमचे नळ आणि कमोड, काचा. तो पाहुण्यांना तिथेच पाठवायचा. जाताना तोच फेरा त्यांच्यासोबत. चेकआऊटला केअरटेकर हजर नसतो आणि तिसऱ्या दिवशी फोटो पाठवले जातात, तिथेच बहुतेक दावे मरतात. एअरबीएनबीवर नुकसानीची मागणी चेकआऊटपासून १४ दिवसांत करावी लागते आणि दुसरा पाहुणा राहून गेला की तुमचे म्हणणे कमकुवत होते.

रक्कम ठरवताना वस्तूचे वय धरा. ८,००० ची गादी पाच वर्षांची असेल आणि आयुष्य आठ वर्षांचे मानले, तर उरली तीन वर्षे, म्हणजे ३,०००. मेंदीचा डाग ड्राय क्लीनिंगने जात असेल तर फक्त धुलाईचे बिल. टीव्हीचे पॅनेल बदलण्याचे कोटेशन लेखी घ्या. कपात आणि उरलेली रक्कम एकाच दिवशी, बिलांच्या फोटोंसह कळवा. झीज, फिकट पडदे, सैल झालेली कडी यांचे पैसे मागू नयेत. प्रत्येक खोलीत गादीवर २०० जीएसएमचे वॉटरप्रूफ कव्हर घाला, हा प्रश्नच कमी होईल.

प्रश्न : दोन अ‍ॅपवर एकाच तारखा विकल्या गेल्या. एका पाहुण्याचे बुकिंग आम्हाला रद्द करावे लागले. त्याचे भरलेले पैसे अ‍ॅपने परत केले. तरी तो नव्या हॉटेलचा जादा खर्च मागतो.
(पेडणे, गोवा)

उत्तर : चूक तुमची आहे आणि मागणी वाजवी आहे, निदान तशाच दर्जाच्या जागेपुरती. त्याने तीन खोल्यांऐवजी स्विमिंग पूलवाला व्हिला घेतला असेल तर सगळा फरक देऊ नका. मालकाने रद्द केल्यावर एअरबीएनबी वेगळा दंड कापते : ३० दिवसांहून आधी १०%, ३० दिवस ते ४८ तास २५%, त्यानंतर ५०%, आणि त्या तारखा तुमच्यासाठी बंदही राहतात. दोन अ‍ॅपची कॅलेंडरे एकमेकांना जोडली म्हणजे निश्चिंत झालो, हा गैरसमज आहे. जोडणी तत्काळ चालत नाही, मध्ये काही तास जातात, आणि शुक्रवारी संध्याकाळी तेवढ्यातच दुसरे बुकिंग पडते. सणासुदीच्या तारखांना तत्काळ बुकिंग एकाच अ‍ॅपवर चालू ठेवा, दुसरीकडे विनंती येऊ द्या. घराची पर्यटन खात्याकडे १९८२ च्या गोव्याच्या कायद्याखाली नोंदणी झाली नसेल तर ती करून घ्या. नोंदणीशिवाय तक्रारीच्या सुनावणीत उभे राहणे अवघड जाते.

प्रश्न : रद्द झालेल्या बुकिंगचे ठेवून घेतलेले पैसे जीएसटीत धरायचे का?
(महाबळेश्वर)

उत्तर : नोंदणी असेल तर हो. केंद्राच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे खोलीला जो दर तोच रद्द करण्याच्या रकमेला. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ५%, त्याहून महाग खोलीला १८%. अ‍ॅडव्हान्स घेताना पावती व्हाउचर दिले असेल तर परत करताना परतावा व्हाउचर द्या आणि दोन्हींवर एकच बुकिंग क्रमांक टाका. अर्धे ठेवून अर्धे परत केले असेल तर परतावा व्हाउचर परत दिलेल्या रकमेपुरतेच.